तळाचा गारवा

एक

“जे दिसलं ते लिही, उर्मिला. जे दिसलं नाही, त्या जागी आडवी रेघ ओढ आणि पुढं जा. अंदाज कितीही चांगला असो, भरू नको.”

कार्यालयाचे जुने साहेब रघुनाथराव जाऊन दोन महिने झाले होते, पण सोमवारी सकाळी टपालाची पिशवी उघडताना उर्मिलाबाई कळंब्यांना त्यांचा हा आवाज हटकून ऐकू यायचा. सौंसरच्या बाजारओळीमागं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. बाई तिथं सगळ्यांच्या आधी येत. कोनाड्यातल्या महादेवापुढं निरांजन लावत, मनात अकरा वेळा नाव घेत आणि मगच लाल पेन्सिलीला टोक काढत. सोमवारचा उपास असे. देवाचा नेम आणि आकड्यांचा नेम त्यांच्या लेखी वेगळा नव्हता. दोन्हीकडं लबाडी केली तर ती लगेच कुणाला कळत नाही, इतकंच साम्य त्यांना धाकात ठेवायला पुरे होतं.

काम होतं तपासणीचं. रामाकोन्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून, चिचघाटची मँगनीजची जुनी खाण होती. खाण बंद पडून वीस वर्षं झाली, खड्ड्यात पाणी साठलं, आणि ते पाणी इतकं खोल नि इतकं निवांत की एका संशोधन संस्थेनं आपली यंत्रं तिथं परीक्षेला उतरवली. दुधाच्या कॅनएवढी तीन पोलादी नळकांडी. डोक्यावर किती पाणी आहे आणि भोवतीचं पाणी किती गार आहे, या दोनच गोष्टी ती केबलमधून वर सांगत. सहा महिने ती खरं बोलली, तर पुढच्या वर्षी, सत्याऐंशीत, खऱ्या समुद्राच्या तळाशी जाणार होती. तिथं काही बिघडलं तर वाकून बघायलाही कुणी जाऊ शकत नाही. म्हणून ही परीक्षा.

गावानं खाणीचं नावच समुद्र ठेवलं होतं. मोटारीचा कंडक्टर चिचघाटच्या फाट्यावर ओरडायचा, “चला, समुद्रवाले उतरा!”

पिशवीतून दर सोमवारी तीन पत्र्याच्या नळ्या यायच्या. प्रत्येकीत एकेका यंत्राच्या कागदाची गुंडाळी. आठवडाभर पेनानं आपोआप ओढलेली रेघ. सोबत निरीक्षकाची वही, दर तीन तासांनी काट्यावरचे आकडे हातानं लिहिलेली. कागद आणि वही जुळली की आठवडा खरा.

एक नंबरची नळी भरलेली होती. तीन नंबरचीही. दोन नंबरची नळी उचलताच हाताला हलकी लागली. बाईंनी झाकण काढलं, नळी उपडी केली.

आत काही नव्हतं. पोळ्याच्या आठवड्याचा कागद नाहीसा झाला होता.

दोन

अरविंदसाहेब रघुनाथरावांच्या जागी नवे आलेले. त्यांनी वही पाहिली, नळी पाहिली, आणि पाच मिनिटांत निकाल दिला.

“निरीक्षक गजभियेच ना? टेम्पररी माणूस. पोळ्याला घरी बसला, वही मनानं भरली, आणि कागद खोटं पाडील म्हणून फाडून टाकला. सरळ आहे.”

“साहेब, वही खोटी आहे असं कुठं दिसलं?” उर्मिलाबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच खालचा होता. लोक त्याला भित्रेपणा समजत.

“म्हणून तर! एक खाडाखोड नाही, एक घर रिकामं नाही. इतकी सुबक वही खरी असते का, बाई?”

“त्याला दसऱ्याला कायम करायचं ठरलं होतं. घरी तीन माणसं त्याच्या पगारावर—”

“गुरुवारी संध्याकाळी सहाला मी नागपूरला निघतो. कमी केल्याचं पत्र टाइप करून ठेवतो. तोवर दुसरं काही सापडलं तर सांगा.” साहेब चष्मा पुसू लागले. “पण बाई, दया वेगळी आणि तपास वेगळा, एवढं लक्षात ठेवा.”

बाई जागेवर परतल्या. साहेबांचं बोलणं टोचलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तुळशीराम गजभियेला रघुनाथरावांनी स्वतः घडवला होता आणि बाईंना तो आवडायचा. पण आवडतो म्हणजे खोटं बोलत नाही, असं थोडंच आहे?

त्यांनी पोळ्याच्या दिवसाचं पान काढलं. सकाळी सहा, नऊ, दुपारी बारा, तीन, संध्याकाळी सहा. तिन्ही यंत्रांच्या रकान्यांत सगळी घरं भरलेली. पान उचलून त्या खिडकीशी गेल्या आणि उन्हासमोर धरलं.

नऊ आणि बाराच्या घरांत आकड्यांच्या पोटातून काहीतरी आरपार दिसत होतं. फिकट शाईची, पट्टी लावून ओढावी तशी, आडवी रेघ.

कुणीतरी रेघा आधी ओढल्या होत्या. आणि नंतर कुणीतरी त्यांच्यावर आकडे बसवले होते.

तीन

मंगळवारी बाई समुद्रावर उतरल्या.

खाणीच्या काठावर पत्र्याची शेड, तारेचं कुंपण, आणि चार चरख्या. तीन यंत्रांचे दोर तीनवर गुंडाळलेले, चौथी मोकळी. कुंपणाच्या दाराशी चौकीदार यशवंतराव घागरे बसले होते. साठी उलटलेले, खाण चालू होती तेव्हापासून चरखीवर असलेले, पांढऱ्या मिशांचे. खालच्या शेतात त्यांची जोडी चरत होती, शिंगं अजून लालभडक.

“या जी बाई. उपाशी आल्या का खाऊन?”

“आज उपास नाही, यशवंतराव. पोळा कसा झाला?”

“झाला आपला. म्हातारा मानूस, म्हातारे बैल.” ते उठून दार उघडू लागले. “तुळशीरामले काई होनार नाई न, बाई? पोरगं सोन्यासारखं आहे.”

“बघू.”

शेडमध्ये तुळशीराम काट्यासमोर उभा होता. तिशीचा, सडपातळ, शर्टाची वरची गुंडी लावलेला. त्याची बायको कमल भाकरीचा डबा घेऊन आली होती आणि जायचं नाव घेत नव्हती.

“तुळशीराम, पोळ्याला नऊ वाजता तू कुठं होतास?”

“इथंच होतो, बाई.”

“काट्यासमोर?”

त्यानं डब्याचं झाकण उगीच दाबून बसवलं.

“नऊ आणि बाराचे आकडे तूच लिहिलेस?”

“जे आहे ते वहीत आहे, बाई.”

“वहीत काय आहे ते मी पाहिलं. तुझ्या तोंडून ऐकायला आले.”

त्यानं मान खाली घातली. कमलला राहवेना. “सांगत काहून नाई? मलेबी नाई सांगत, बाई! पोळ्याच्या दिशी दुपारी घरी आला तं डोक्यापासून पायापरेंत चिखल. नवा शर्ट होता. इचारलं तं म्हणते, पडलो. कुठं पडला? तं म्हणते, पाण्यात. कसा पडला? तं मुका!”

“कमल, तू घरी जाय.”

“जातो. नोकरी गेली म्हंजे तूबी घरीच येशीन, मंग बोलत बसू.” ती डबा आदळून निघाली, पण दारात थांबून बाईंकडं वळली. हळू आवाजात म्हणाली, “बाई, तो खोटं नाई बोलत. पण कोनासाठी गप्प बसाचं म्हटलं तं मरेपरेंत बसन.”

कोनासाठी? बाईंनी शेडभर नजर फिरवली.

यंत्राच्या पेटीच्या दाराआडून यंत्र-अभियंता श्रीकांत देशकर डोकावला. नागपूरचा पोरगेला माणूस. त्याच्या कपाळावर पांढरी पट्टी होती.

चार

“हे काय लागलं, श्रीकांत?”

“पेटीचं दार आदळलं, मॅडम.”

बाई पेटीपाशी गेल्या. दार उंचीला त्यांच्या खांद्याएवढं होतं. श्रीकांत त्यांच्याहून वीतभर उंच.

“बसून काम करत होतास?”

“हो. म्हणजे, उभा होतो. वाकून.”

“पेटीची किल्ली कुणाकडं असते?”

“माझ्याकडंच. फक्त माझ्याकडं.” तो जरा जास्तच ठामपणे म्हणाला. “आत शून्याचा स्क्रू आहे ना. तो फिरवला की काट्यावरची पाण्याची उंची वरखाली होते. म्हणून मी त्यावर लाल लाखेचा ठिपका दिला आहे. कुणी हात लावला तर ठिपका तुटेल.”

“आणि पोळ्याला नि त्याच्या दुसऱ्या दिवशी तू इथंच होतास.”

“अर्थात.”

बाईंनी पदर सावरला. “माझी मावसबहीण पांढुर्ण्याला असते. जाम नदीकाठीच घर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार झाली की तिच्या गल्लीत दरवर्षी एक तरी पाहुणा पट्टी बांधून निघतो. पांढुर्णेवाले नदीच्या इकडून दगड मारतात, सावरगाववाले तिकडून, आणि गच्चीवरून बघणाऱ्याला वाटतं आपण लांब आहोत.”

श्रीकांतचा चेहरा पट्टीइतका पांढरा झाला.

“मी नुसता बघत होतो हो, मॅडम! तिसऱ्या मजल्यावर होतो! इतका उंच दगड येतो हे मला कुणी सांगितलं होतं?”

“म्हणजे तू पोळ्याच्या सकाळीच गेलास.”

“पहिल्या मोटारीनं. तिसऱ्या दिवशी परत आलो. साहेबांना कळलं तर माझं प्रमोशन गेलं.”

“आणि किल्ली?”

तो पुटपुटला, “त्या खिळ्याला टांगून गेलो होतो. तुळशीराम होता ना शेडमध्ये.”

बाईंनी खिळ्याकडं पाहिलं. तुळशीरामनं मात्र त्या दोघांकडं पाहायचं टाळलं.

परतीच्या मोटारीत बाईंचं मन खट्टू होतं. यंत्र बनवणाऱ्यानं किल्ली टाकून पळ काढला होता. निरीक्षक त्या दिवशी चिखलात न्हाऊन घरी गेला होता आणि तोंड उघडत नव्हता. शेडमध्ये किल्ली आणि माणूस, दोघंच होते. साहेब म्हणत होते तेच खरं ठरायची वेळ आली होती.

एकच गोष्ट बसत नव्हती. खोटं लिहायचंच असलं, तर माणूस आधी खरी रेघ कशाला ओढील?

पाच

बुधवारचा दिवस बाईंनी आकड्यांत घालवला.

वहीत प्रत्येक यंत्राचे दोन रकाने होते: उंचीचा आणि गारव्याचा. सगळे उंचीकडं बघत, कारण खाणीच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीशी ती ताडून पाहता यायची. दोन नंबरची उंची पट्टीशी चोख जुळत होती, पोळ्याआधी आणि पोळ्यानंतरही. साहेबांना सुबक दिसली ती हीच.

गारव्याच्या रकान्यावर कुणी नजर टाकत नसे. खोल पाण्याचा गारवा महिनोन्‌महिने हलत नाही. तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहायचा, म्हणून निरीक्षकालाही कंटाळा. बाईंनी तो रकाना वरून खाली, बोट लावून, जपमाळ ओढावी तसा वाचला.

एक नंबर, हलला नाही. तीन नंबर, हलला नाही.

दोन नंबर: पोळ्याच्या सकाळी सहाला २३.९. नऊला २३.९, बाराला २३.९, हे दोन रेघेवर बसवलेले. दुपारी तीनला, तुळशीरामच्या स्वतःच्या अक्षरात, २४.७. आणि तिथून पुढं आजवर २४.७च.

बाईंचं बोट थांबलं. त्यांनी डोळे मिटले आणि खाण मनात उभी केली. मँगनीज काढताना खाण टप्प्याटप्प्यांनी खोदतात, घाटाच्या पायऱ्या असाव्यात तशी. एकेक पायरी सहा मीटरची. खालच्या पायरीवर पाणी गार, वरच्या पायरीवर जरा ऊन. यंत्राला गारवा कमी लागतो आहे, म्हणजे यंत्र वर आलं आहे. एक पायरी वर.

मग उंची का नाही बदलली? सहा मीटर वर आलं, तर डोक्यावरचं पाणी सहा मीटर कमी दाखवायला हवं. ते दाखवत नाही, कारण कुणीतरी स्क्रू फिरवून काटा जुन्या जागी आणून ठेवला आहे.

उंचीला स्क्रू होता. गारव्याला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नि त्यांनी नकळत हात जोडले. ज्यानं स्क्रू फिरवला त्याला गारव्याची फिकीरच नव्हती. तुळशीरामला तो रकाना तोंडपाठ होता. लबाडी त्याची असती तर त्यानं तीनलाही २३.९च लिहिलं असतं. त्यानं काट्यावर दिसलं ते लिहिलं. म्हणजे यंत्र अजून वरच्या पायरीवर आहे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग चरखीनं यंत्र उचलणारा, पेटी उघडणारा, रेघांवर आकडे बसवणारा माणूस कोण? श्रीकांत पांढुर्ण्याला होता. उरलं कोण?

उरलेलं नाव मनात आलं तेव्हा बाईंना वाटलं, हे नसावं.

सहा

गुरुवारी दुपारी दोनला त्या पुन्हा फाट्यावर उतरल्या. सहाला साहेब निघणार होते.

“श्रीकांत, पेटी उघड. तुझा लाल ठिपका दाखव.”

त्यानं पेटी उघडून विजेरी धरली. “हा बघा. जसाच्या तसा आहे. तुटलेला नाही.”

बाई वाकल्या. एक आणि तीन नंबरच्या स्क्रूवरचा ठिपका काळपट लाल, लाखेचा, कोरडा. दोन नंबरचा लालभडक, चकचकीत. त्यांनी नखानं हळूच दाबला. आतून अजून मऊ होता. विजेरीचा उजेड सरकला तसं त्या लालीत काहीतरी सोनेरी चमकलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक.

“हे काय आहे?” श्रीकांत गोंधळला. “मी असलं काही वापरत नाही.”

“तू कशाला वापरशील? तुला बैल आहेत?”

“बैल?”

“हा शिंगांचा रंग आहे. पोळ्याला शिंगं रंगवतात आणि त्यावर सोनेरी बेगड चिकटवतात. हात धुतले तरी बेगडाचे कण नखात राहतात.” बाई सरळ झाल्या. “तुळशीरामकडं ना शेत ना जोडी. तू इथं थांब. तुळशीराम, तूही थांब.”

तुळशीराम पहिल्यांदाच घाबऱ्या आवाजात म्हणाला, “बाई, जाऊ द्या न. मले काढा. मी कुठंबी पोट भरीन. काकाजीनं मले शप्पथ घातली आहे.”

“शपथ तुझी आहे. माझी नाही.”

कुंपणाच्या दाराशी यशवंतराव उभेच होते. त्यांनी शेडमधलं सगळं ऐकलं नसावं, पण बाईंच्या चालण्यातून त्यांना कळलं. ते मटकन दगडावर बसले.

“समजलं वाटते तुमाले.”

बाईही समोरच्या दगडावर बसल्या. “जनावरं कुंपणाच्या आत आणायची नाहीत, असा नियम आहे ना, यशवंतराव?”

“आहे. मीच सगळ्याइले सांगत होतो.” म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. “नाल्याचं पानी गढूळ होतं, बाई. सणाचा दिवस. म्हनलं, आपल्या जोडीले आज स्वच्छ पान्यानं धुवू. उतारावरून आणली. पवळ्याचा पाय घसरला न थो टप्प्याखाली गेला. दोन नंबरची तार पायाले गुंडाळली. वर येऊ पाहे तं तार वढून धरे. नाकपुड्या तेवढ्या वर. डोये असे झालते, बाई, मानसावानी पाहे माह्याकडं.”

“मग तुळशीरामनं उडी घेतली.”

“मी बलावलं नाई त्याले. नऊ वाजायले आलते, थो काट्यापाशी चालला होता. वही ठेवली न उडी घेतली. त्यानं बैलाचं मुसकं धरलं, मी चरखी फिरवली. यंत्राचा डबा खालून उचलला तवा तार ढिली झाली न पाय सुटला. बारा वाजेपरेंत बैल काठावर पडून होता, थो त्याचं अंग चोळत होता. पोळ्याच्या दिशी बैल मेला असता तं माह्या घरी कोन जेवलं असतं?”

“आणि डबा खाली सोडलात.”

“सोडला. पन थो पयल्या जागी गेलाच नाई. वरच्याच टप्प्यावर बसला. दुपारी तुळशीराम कपडे बदलाले घरी गेला. मी काटा पायला तं सहा मीटर कमी! देशकरसाहेबाले स्क्रू फिरवताना पाच महिने पाहून राहिलो होतो. म्हनलं, काटा पयल्यासारखा दिसला म्हंजे झालं. कागदावर रेघ अशी धाडकन खाली आलती, म्हून पिशवी निघाच्या आधी नळीतला कागदबी काढून घेतला.”

“स्क्रू आणि कागद तुम्ही स्वतःला वाचवायला हाताळलेत,” बाई म्हणाल्या. आवाज तसाच खालचा, पण त्यात मऊपणा नव्हता. “वही का भरलीत?”

यशवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मंग थे रेघा पायल्या. दोन वेळची घरं खाली! शाळेत घर खाली सोडलं तं मास्तर शून्य देत होते. म्हनलं, माह्या बैलापायी पोराची कायमची नोकरी जाईन. म्हून वरचेच आकडे खाली उतरवून देले. चांगलंच करून राहिलो, असं वाटलं.”

“त्या रेघाच त्याला वाचवणाऱ्या होत्या, यशवंतराव. मी हजर नव्हतो, मी पाहिलं नाही, असं तो प्रामाणिकपणे सांगत होता. तुम्ही त्याचं खरं पुसलंत.”

पाण्यावरून वारा आला, चरख्यांचे दोर करकरले.

“आणि हे नुसतं नोकरीपुरतं नाही,” बाई म्हणाल्या. “हेच यंत्र असं सहा मीटर खोटं बोलत समुद्रात गेलं असतं. तिथं त्याच्या आकड्यावर विसंबून लोक नावा घालणार. तिथं कुणाला कळलं असतं?”

“मले इतकं नाई समजलं, बाई.” ते उठू लागले, पुन्हा बसले. “याचा बाप न मी एकाच चरखीवर होतो. दोर तुटला त्या दिशी थो गेला, मी राहिलो. सोमवारपासून रोज म्हनून राहिलो, उद्या सांगतो, उद्या सांगतो. चाळीस वर्षं झाली मले इथं. चौकीदारी गेली तं लेकीकडं छिंदवाड्याले जाऊन पडा लागन. लेक बलावते, पन जावयाच्या घरी...”

“कागद जाळलात?”

“नाई जी! लिवलेलं कसं जाळू? जवारीच्या कोठीत आहे.”

सात

श्रीकांतनं ऐकलं तेव्हा तो एकदम जोरात आला. “मॅडम, झालं तर! मी धरून नेतो यांना साहेबांपुढं. कागद जप्त करू.”

“आणि साहेबांनी विचारलं, किल्ली खिळ्याला कशी गेली, तर?”

तो पट्टीला हात लावून मागं सरला.

उर्मिलाबाईंच्या मनात मात्र दोन मतं झगडत होती. साहेबांना आकडे त्या स्वतः सांगू शकत होत्या: गारवा, पायरी, स्क्रू. पण रेघांवर आकडे कुणी बसवले, हे विचारल्यावर नाव सांगावं लागणार. साहेब म्हणणार, बाईंना गजभियेला वाचवायचं आहे म्हणून त्या म्हाताऱ्यावर ढकलतात. पत्र टाइप झालेलं आहे. सही करायला किती वेळ लागतो? आणि हा म्हातारा, सोमवारपासून उद्या उद्या म्हणणारा, आता तरी जाईल कशावरून? चार दिवस त्या प्रत्येकावर संशय घेत होत्या. तो आता हातून सुटायला तयार नव्हता.

यशवंतराव घरून परत आले ते धुतलेलं धोतर नेसून. काखेत फडक्यात बांधलेली गुंडाळी. तिच्यातून जवारीचे दोन दाणे गळाले.

“हा कागद. घ्या.”

बाईंनी हात पुढं केला नाही. “साहेब सहाला निघतात. साडेचारची मोटार सव्वापाचला सौंसरला पोचते. काय झालं ते मी सांगेन. कुणी केलं ते तुम्ही सांगा.”

“आन तुमी?”

“मी मागून पाचच्या मोटारीनं, सहाच्या आत येते. संगं आले तर लोक म्हणतील, बाईनं धरून आणला.”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. “आन मी गेलोच नाई तं?”

“तर तुळशीराम जाईल.”

शेडच्या दारात तुळशीराम उभा होता. “काकाजी, नका जाऊ,” तो म्हणाला. “माहं वय आहे. मले दुसरं काम भेटन.”

“तू चूप ऱ्हाय. मोठा आला मले शिकवनारा.” यशवंतरावांनी त्याच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावून दिली. “पवळ्याले संध्याकाळी सरकीची ढेप टाकजो. कमी नको टाकू, थो अजून लंगडते.” मग बाईंकडं वळून, हात न जोडता, सरळ उभं राहून म्हणाले, “नाव मी सांगतो, बाई. माह्या तोंडानं सांगतो. शब्द देतो.”

आणि ते निघाले. कुंपणाचं दार त्यांनी सवयीनं बाहेरून ओढून घेतलं.

बाई काठावरच्या मुरुमाच्या ढिगाऱ्यावर चढल्या. तिथून फाटा दिसायचा. आत जाऊन बसावं, बघू नये, असं त्यांना वाटत होतं. पाय हलले नाहीत. म्हातारा हळूहळू चालत रस्त्यावर पोचला आणि कडेच्या बाभळीखाली थांबला.

आधी छिंदवाड्याची मोटार आली. अगदी त्याच्यासमोर उभी राहिली. कंडक्टरनं दार उघडलं, काहीतरी ओरडला. मोटारीआड बाईंना काही दिसेना. त्यांच्या ओठांवरचं महादेवाचं नाव मध्येच थांबलं.

मोटार धूर सोडत रामाकोन्याकडं निघून गेली. धूळ खाली बसली.

बाभळीखाली कुणी नव्हतं. यशवंतराव रस्ता ओलांडून पलीकडं, सौंसरला जाणाऱ्या बाजूला, काखेतली गुंडाळी सावरत उभे होते आणि नागपूरच्या मोटारीसाठी हात वर करायच्या तयारीत होते.